खंजिराच्या मुठीवर फूल कसे उमलले : जडावाच्या नव्या नक्षीच्या शोधाचा एक प्रकरण अभ्यास

जडावाच्या मुठी घडवणाऱ्या कारागिराला हातोटी कमी पडली असे क्वचित घडते. कमी पडतो तो विषय. हात एकदा बसला की तोच वेल, तीच जाळी, तीच आठ पाकळ्यांची चकती एकामागून एक मुठीवर उतरत राहते आणि गिऱ्हाइकाच्या आधी कारागिरालाच तिचा कंटाळा येतो. मग तो इतरांनी केलेल्या मुठी पाहू लागतो, त्यातले थोडे इकडचे आणि थोडे तिकडचे उचलतो, आणि हातून जे उतरते ते नवे कमी आणि उसने जास्त असते. या अडचणीतून एक मोठी परंपरा कशी बाहेर पडली याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. मुघल दरबारासाठी राबणाऱ्या कारखान्यांत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात खंजिराच्या मुठीवर एक अख्खे फुलझाड, खोड, पाने, कळी आणि उमललेले फूल यांसह, उभे राहिले. ते कोठून आले, मुठीवर बसवताना त्याचे काय करावे लागले आणि पुढे त्याची काय गत झाली, एवढाच या लेखाचा विषय आहे.

काळ जहांगीर आणि शाहजहान यांच्या कारकिर्दींचा, म्हणजे १६०५ ते १६५८ एवढा धरला आहे. पुराव्याबद्दल आधीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. या मुठींवर कारागिराची सही किंवा तारीख सहसा सापडत नाही आणि पाती तर पुढच्या पिढ्यांनी अनेकदा बदललेली असतात, त्यामुळे मुठीचा काळ ठरवताना इतर साधनांची मदत घ्यावी लागते. सुदैवाने ती तीन प्रकारची आहेत. जहांगिराने स्वतः लिहिलेल्या आठवणींत मुठींविषयीचे उतारे आहेत. दरबारी चित्रांत, विशेषतः आता इंग्लंडमधील विंडसर येथे असलेल्या पादशाहनाम्याच्या, म्हणजे शाहजहानच्या कारकिर्दीच्या दरबारी इतिहासाच्या, सचित्र प्रतीत, सरदारांच्या कमरेला खोचलेले खंजीर बारकाव्यांसह रंगवलेले आहेत. आणि त्याच पिढीतल्या इमारतींवरची दगडी जडावाची नक्षी तुलनेसाठी जागेवरच उभी आहे.

आधीचा साठा

अकबराच्या कारखान्यांत कौशल्याचा तुटवडा नव्हता. अबुल फज़लच्या आइन-इ-अकबरीत, म्हणजे अकबराच्या कारभाराच्या तपशीलवार नोंदीत, जडित काम करणाऱ्यांचे वेगवेगळे प्रकार आणि त्यांची मजुरी नोंदलेली आहे. धातूत सोने बसवणारे जरनिशान कारागीर वेगळे, पोलादावर बारीक खाचा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकणारे कोफ्तगार वेगळे, मीनाकार वेगळे, आणि शुद्ध सोन्याच्या पातळ पत्र्यांनी रत्ने जखडणारे कुंदनकाम करणारे आणखी वेगळे. एवढी विभागणी ज्या कारखान्यात असते तेथे तंत्राचे प्रश्न सुटलेले असतात.

विषयांचा साठा मात्र मर्यादित होता. इराणी वळणाची वेलबुट्टी हा त्यातला मोठा भाग. या वेलीला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. ती कोणत्याही आकाराची जागा भरून काढते, म्हणून कारागिराला ती सोयीची असते. तिच्यावरची फुले कोणत्याही झाडाची नसतात. तिच्या जोडीला भौमितिक जाळ्या आणि अक्षरांच्या ओळी असत. दख्खनच्या सुलतानीत वेगळे वळण होते. विजापूर किंवा गोवळकोंडा येथे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवलेला एक खंजीर आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याची मूठ सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची असून तिच्यात माणके बसवली आहेत, आणि संपूर्ण मूठच ड्रॅगन, सिंह आणि हरीण यांच्या झटापटीची बनलेली आहे. कल्पनेच्या जोरावर पाहिले तर ही मूठ पुढच्या कितीतरी मुघल मुठींपेक्षा सरस आहे, असे माझे मत आहे. पण तिची ताकद शिल्पाची आहे, आणि जडाव तेथे डोळे, खवले आणि कडा उजळण्यापुरताच आला आहे. जडावालाच स्वतःचा विषय मिळायचा अजून बाकी होता.

डागात दिसलेले फूल

पहिली हालचाल झाली ती कच्च्या मालाकडे पाहण्यातून. जहांगिराला माहीदंदानाचे, म्हणजे वॉलरस या उत्तरेकडच्या समुद्री प्राण्याच्या सुळ्याचे, विलक्षण वेड होते. हा सुळा व्यापाऱ्यांच्या हातून इराणमार्गे येई. हस्तिदंतासारखा तो एकरंगी नसतो. त्याच्या गाभ्यात दाणेदार, ढगाळ ठिपके असतात, आणि जहांगिराला नेमके तेच ठिपके हवे असत.

१६१९च्या सुमारास त्याच्या हाती असा एक ठिपकेदार सुळा लागला आणि त्याने तो पूरण आणि कल्याण या दोन कोरीवकाम करणाऱ्या उस्तादांकडे सोपवला. त्या काळात पसंतीस उतरलेल्या आणि जहांगिरी म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या घाटाच्या मुठी त्यांनी घडवाव्यात अशी आज्ञा होती. पाते, म्यान आणि बंद यांसाठी वेगळे कारागीर नेमले. त्यातली एक मूठ अशी उतरली की बादशहा थक्क झाला. तिच्यात सात रंग दिसत आणि काही ठिकाणी तर एखाद्या कसबी चितार्‍याने काळ्या रेषेने फुले रेखावीत तशी फुले उमटलेली होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. खजिन्यातल्या मौल्यवान रत्नांपेक्षा ती मूठ आपल्याला अधिक मोलाची वाटते, असेही तो सांगतो. पूरणला हत्ती, मानाचा पोशाख आणि सोन्याचे कडे मिळाले. कल्याणला अजाइबदस्त, म्हणजे अद्भुत हाताचा, असा किताब, बढती, पोशाख आणि रत्नजडित पोहची मिळाली. बक्षिसाचा हत्ती पोसायचा कसा, हे पूरणने घरी काय सांगितले असेल ते असो.

या उताऱ्यातली कारागिराच्या कामाची गोष्ट अशी की ती फुले कोणी काढलेली नव्हती. ती सुळ्याच्या पोटात होती. कारागिरांनी काप कोठून घ्यायचा, वळण कोणत्या बाजूला द्यायचे आणि किती घासून कोठे थांबायचे हे ठरवले, म्हणून ती पृष्ठभागावर आली. कोरीवकामात निष्णात असलेल्या माणसांना येथे न कोरण्याबद्दल बक्षीस मिळाले, असे म्हणता येईल. शिवाय पाहणाऱ्याच्या मनात फूल आधीच असल्याशिवाय डागात ते दिसत नाही. कलमाने रेखलेल्या फुलाची उपमा बादशहाला सुचली, ती त्याच्या चित्रशाळेतल्या सवयीमुळे. मूठ आणि चित्रशाळा यांच्यातली भिंत त्या वाक्यात पडलेली दिसते.

काश्मीर आणि गोव्याहून आलेली पाने

पुढच्याच वर्षी, १६२०च्या वसंतात, जहांगीर काश्मीरला गेला. तेथील फुलांचे वर्णन करताना त्याची लेखणी थांबत नाही, आणि त्याच ओघात तो नोंदवतो की काश्मीरच्या मुलखात दिसणारी फुले मोजदादीपलीकडची आहेत, आणि नादिर-उल्-अस्र, म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय, असा किताब असलेला चितारी उस्ताद मन्सूर याने त्यांपैकी जी रंगवली ती शंभरहून अधिक भरतात. मन्सूरची त्यांतली अगदी थोडी चित्रे आज उरली आहेत. अलीगढ विद्यापीठाच्या संग्रहात असलेले ट्यूलिपचे चित्र त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट फार सोपी होते: बादशहा डोंगरात गेला, त्याला फुले आवडली, चितार्‍याने ती रंगवली आणि मुठींवर आली. प्रत्यक्षात जिवंत फूल पाहून ते कागदावर कसे मांडायचे हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी युरोपातून आलेल्या छापील चित्रांनी पुरवले. १५८० साली अकबराच्या फत्तेपूर सीक्रीत पोचलेले पहिले जेझुइट पाद्री गोव्याहून निघाले होते, आणि त्यांच्यामागून पुढची अनेक वर्षे पाद्री, व्यापारी आणि वकील यांच्याबरोबर ग्रंथ आणि तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली चित्रे दरबारात येत राहिली. वनस्पतिग्रंथांतली पाने त्यांत होती. या पानांवर एकच झाड कोऱ्या जागेवर उभे असते. त्याचे एक फूल समोरून, दुसरे बाजूने, तिसरे कळीच्या अवस्थेत दाखवलेले असते. एखादे पान मुद्दाम वाकवून त्याची खालची बाजू दाखवलेली असते. वैद्याला वनस्पती ओळखता यावी यासाठी केलेली ही मांडणी मुघल चितार्‍यांनी उचलली. कधी त्यांनी पाने तशीच्या तशी उतरवली, तर कधी एका झाडाला दुसऱ्याची पाने जोडून दिली, त्यामुळे मुघल चित्रांतली कित्येक फुले आज वनस्पतिशास्त्रज्ञांना नेमकी ओळखता येत नाहीत.

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच आहे. काश्मीरच्या कुरणातून फुलाचे आकर्षण आले, परंतु मुठीला उपयोगी पडला तो छापील पानाचा शिस्तबद्ध एकटेपणा. कुरणात फूल गर्दीत असते. गर्दी मुठीवर मावत नाही. कोऱ्या जागेवर एकटे उभे राहणारे, खाली खोड आणि वर फूल असे उभट झाड मात्र चार बोटे रुंदीच्या आत सुखाने बसते. वैद्यांसाठी छापलेल्या पानाचा हत्याराच्या मुठीशी काडीचाही संबंध नव्हता, आणि म्हणूनच तिथली मांडणी मुठीवर आल्यावर ताजी ठरली.

शाहजहानच्या काळात ही मांडणी सगळीकडे दिसू लागली. दारा शुकोहने आपल्या बेगमेला, नादिरा बानूला, दिलेल्या चित्रसंग्रहात, जो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, फुलझाडांची पानेच्या पाने आहेत. आग्र्याला १६२२ ते १६२८ या काळात उभ्या राहिलेल्या इतिमाद-उद्-दौलाच्या कबरीवर रंगीत दगडांची पच्चीकारी आहे; १६३२ साली सुरू झालेल्या ताजमहालात तिच्यावर आणि संगमरवरातल्या उठावाच्या फुलझाडांवर कमालीचे प्रभुत्व दिसते. गालिचे, पटके, चित्रांच्या किनारी, तंबूंच्या कनाती, सगळीकडे तेच उभे झाड आले. मूठ या रांगेतली सर्वांत लहान आणि सर्वांत अवघड जागा होती.

कागदावरून मुठीवर

चित्रातले फूल मुठीवर आणताना काय काय सोडावे लागते, हे पाहिल्याशिवाय हे प्रकरण समजत नाही.

पहिली अडचण मुठीच्या आकाराची. खंजिराची मूठ सपाट नसते. ती हाताच्या तळव्याच्या दिशेने फुगते, मधे बारीक होते आणि टोकाला वळते. सपाट कागदावर काढलेले सममित झाड तिच्यावर गुंडाळले की एका बाजूने ताणलेले आणि दुसऱ्या बाजूने चेपलेले दिसते. शाहजहानकालीन चांगल्या मुठींत यावर जो तोडगा दिसतो तो मला फार हुशारीचा वाटतो. खोडाला मुठीच्या वळणाचीच रेघ दिलेली असते, म्हणजे मूठ जिकडे झुकते तिकडे झाड झुकते, आणि टोकाच्या वळणावर कळी किंवा उमललेले फूल येते. आडणीपाशी, जेथे मूठ संपून पाते सुरू होते, तेथे दोन्ही बाजूंना वळलेली पाने कोरून त्या भागाचा उपयोग बुंध्यासारखा केलेला असतो. मुठीचा घाट आणि झाडाची वाढ ही एकच रेघ होऊन बसते.

दुसरी अडचण पाहणाऱ्याची. खंजीर वापरात असतो तेव्हा मूठ हाताने झाकलेली असते, आणि वापरात नसतो तेव्हा तो कमरबंदात खोचलेला असतो व मूठ तेवढी बाहेर दिसते. दरबारात खंजीर उपसण्याचे प्रसंग फार येत नसत, येऊ नयेत अशीच सर्वांची इच्छा असे. तेव्हा मूठ ही मुख्यतः समोरच्याने पाहण्याची वस्तू होती. पादशाहनाम्यातली चित्रे पाहिली की खोचलेल्या खंजिराची मूठ तिरकी, वर आणि पुढे येते हे लक्षात येते. त्या स्थितीत झाडाची मुळे खाली आणि फूल वर राहील अशी दिशा ठेवली, तरच ते झाड उभे दिसते. हाच नियम टेबलावर आडव्या ठेवायच्या सुरीला लागू पडत नाही, ही बाब आजचे कारागीर सर्रास विसरतात.

तिसरी आणि सर्वांत कडक अट मालाची. शाहजहानच्या काळात मुठींसाठी नेफ्राइट जातीचे जेड विशेष आवडीचे झाले. मध्य आशियातल्या खोतानकडून येणारा हा दगड पांढरट, राखी किंवा हिरवट छटांचा असतो. त्याचा कठीणपणा मोह्सच्या मापावर, ज्यात हिरा १० असतो, ६ ते ६.५ इतकाच भरतो, पण तंतुमय घडणीमुळे तो कमालीचा चिवट असतो आणि छिन्नीने सरळ तुटत नाही. त्याच्याहून कठीण भुकटी लावून चाकांनी आणि तारांनी तो हळूहळू घासतच न्यावा लागतो. अशा दगडात पाकळीएवढी खाच पाडणे म्हणजे चिकाटीची परीक्षा असते. साहजिकच चित्रातल्या फुलाच्या शिरा, छटा आणि केसाळ देठ येथे गळून पडतात. उरतात ती मोजकी क्षेत्रे: पाकळी, पान, कळी आणि यांना जोडणारी सोन्याची रेघ.

या क्षेत्रांत रत्ने बसवण्यासाठी कुंदन हे तंत्र जणू याच कामासाठी बनलेले होते. अतिशय शुद्ध केलेल्या सोन्याचे पातळ पत्रे एकावर एक दाबले की ते उष्णतेशिवाय एकजीव होतात. खाचेत रत्न ठेवून त्याच्या भोवती हे पत्रे दाबत गेले की रत्न जखडले जाते आणि सोन्याचीच बारीक कड तयार होते. वर आलेले आकडे किंवा नख्या लागत नाहीत, त्यामुळे तळव्याला काही टोचत नाही आणि रेशमी कमरबंदात काही अडकत नाही. रत्नही ठरावीक पैलूंचे असण्याची गरज नसते. पाकळीच्या आकाराचे चपटे माणिक घासून घेता येते. लाल पाकळीला माणिक, पानाला पाचू, देठाला सोने, अशी भाषा ठरून गेली. या भाषेत खसखशीचे लाल फूल सहज बोलते. निळ्या-जांभळ्या आयरिसला मात्र चित्रकाराच्या रंगपेटीत जी मोकळीक होती ती येथे उरली नाही, आणि त्याला आपल्या आकारावरच ओळख टिकवावी लागली.

चौथी गोष्ट अडचण म्हणून नोंदवावी की गुण म्हणून, याविषयी मतभेद होऊ शकतील. उत्तम मुठींत बरीच जागा मोकळी आहे. जेडचा मंद, साबणासारखा गुळगुळीत पृष्ठभाग दिसत राहतो आणि फूल त्याच्यावर सुटे उभे असते. छापील पानावरची कोरी जागा येथे दगडाच्या रूपाने जशीच्या तशी आली आहे. ज्या मुठींवर बोटभरही जागा न सोडता रत्ने ठासली आहेत त्या खर्चाच्या दृष्टीने मोठ्या असतील, पण फूल त्यांत गुदमरते.

फुलाबरोबर प्राण्यांच्या डोक्यांची मूठही याच काळात बहरली. मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सुमारे १६४०ची, नीलगाईचे डोके कोरलेली जेडची मूठ आहे. कान मागे पडलेले, नाकपुड्या किंचित फुललेल्या, आणि जडाव नावालाही नाही. घोडा, मेंढा, उंट यांच्याही मुठी पुढे पुष्कळ झाल्या, आणि त्यांत लगामाच्या जागी माणकांची ओळ, कपाळावर एखादा पाचू असा जडाव परत आला. हा उपविषय मोठा आहे, पण नव्या नक्षीच्या शोधाच्या दृष्टीने तो मार्ग तोच आहे, म्हणजे आधी जिवंत प्राणी, मग चित्रशाळा आणि मग मूठ. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जेडच्या दालनात जहांगिराचा म्हणून खंजीर आणि नूरजहानची म्हणून फळे कापायची सुरी दाखवतात. मालकीचा दावा बाजूला ठेवला तरी खंजीर आणि सुरी शेजारी शेजारी पाहायला मिळणे उपयोगाचे आहे, कारण लढाऊ हत्याराची नक्षी घरगुती सुरीच्या सरळ, बारीक मुठीवर आणताना किती कमी करावी लागते ते तेथे नजरेत भरते.

फूल शिळे कसे झाले

अठराव्या शतकात मुघल पद्धतीच्या मुठी अधिक ठिकाणी आणि अधिक संख्येने बनू लागल्या. खंजिरांची मागणी दिल्लीपुरती राहिली नव्हती. या काळातल्या पुष्कळ मुठींवरचे फूल निरखले तर ते फुलावरून किंवा चित्रावरूनही घेतलेले नाही, आधीच्या मुठीवरून घेतलेले आहे, हे जाणवते. पाकळ्यांची संख्या सोयीने सम झाली, डावे पान उजव्याची उलटी प्रत झाले, वाकलेले पान सरळ झाले, आणि बुंध्यापाशी झाड कोठून निघते हा प्रश्नच उरला नाही. इराणी वेल ज्या अवस्थेत होती, म्हणजे कोणत्याही झाडाची नसलेली फुले कोठेही भरणे, त्या अवस्थेत हे फूलही जाऊन पोचले. कसब कमी झाले असे सरसकट म्हणता येत नाही. त्या काळातला कुंदनाचा जडाव कधी कधी आधीच्याहून बारीक आहे. बंद पडला तो बाहेरून येणारा पुरवठा.

याला अपवादासारखे एक वळण दख्खनमध्ये दिसते, आणि ते आपल्या अधिक जवळचे आहे. औरंगजेबाने १६५७ साली बीदर घेतले आणि मुघल फौजांचा व सरदारांचा तळ दख्खनमध्ये दीर्घकाळ पडला. बीदरी कामात जस्ताचे प्रमाण मोठे आणि तांबे थोडे अशा मिश्रधातूची वस्तू ओततात, तिच्यात चांदी बसवतात आणि नवसागर व बीदर किल्ल्यातली माती यांच्या लेपाने जमीन काळी करतात. चांदी पांढरीच राहते. सतराव्या शतकातल्या बीदरी हुक्क्यांच्या बैठकांवर हेच उभे खसखशीचे झाड अवतरते. लाल माणिक नाही, हिरवा पाचू नाही, फक्त काळे आणि पांढरे. रंग हिरावून घेतल्यामुळे कारागिराला फुलाच्या बाह्यरेषेकडे पुन्हा पाहावे लागले असावे, कारण त्यातल्या चांगल्या नमुन्यांत देठाचा बाक आणि पाकळीची घडी मुठींपेक्षा जास्त जिवंत वाटते. छत्रपती संभाजीनगर येथे बीदरी कामाची परंपरा आजही आहे.

आजच्या कामासाठी यातून काय घ्यावे

महाराष्ट्रात आज हाताने सुऱ्या आणि चाकू घडवणारे, त्यांच्या मुठींत पितळी तार, शिंपला किंवा वेगळ्या रंगाचे लाकूड बसवणारे हौशी व व्यावसायिक कारागीर आहेत. त्यांनी मुघल खसखशीचे फूल उचलावे असे मी सुचवणार नाही, कारण मग आपण अठराव्या शतकातच जाऊन बसू. उचलण्यासारखा आहे तो क्रम: माल आधी नीट पाहणे, नंतर जिवंत वस्तू पाहणे, तिची मांडणी मुठीशी संबंध नसलेल्या कोठल्या तरी शिस्तीतून घेणे, आणि शेवटी मुठीच्या अटींनी तिला छाटणे.

मालापासून सुरुवात केली तर हस्तिदंत आणि सांबरशिंग हे विषय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे मिटलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. शिसवीच्या फळीत मात्र काळ्या-तपकिरी रेषांची नक्षी तयार असते. पूरण आणि कल्याण यांनी सुळ्याचे जे केले ते तिचे करता येते, म्हणजे फळी चिरण्याआधी ओली करून रेषा कोठे वळतात ते पाहायचे आणि मुठीची बाह्यरेषा त्या वळणावर सरकवत न्यायची. कधी कधी जडावाची गरज एका तारेपुरतीच उरते.

जिवंत वस्तूसाठी सह्याद्री दूर नाही. काससारख्या सड्यांवरची फुले छायाचित्रांत गालिच्यासारखी दिसतात आणि नक्षीसाठी तीच चूक ठरते. गालिचा मुठीवर मावत नाही. एकेक फूल पाहिले तर निवड आपोआप होते. कंदीलपुष्पाची फुगीर बुडाची, वर निमुळती होत जाणारी आणि टोकाला पाकळ्यांचा पिंजरा धरणारी नळी हा जवळजवळ मुठीचाच घाट आहे. कळलावीच्या पाकळ्या मागे वळतात, त्यांच्या कडा लहरी असतात, रंग खालून पिवळा आणि वर लाल असतो. पितळ आणि तांबे या दोन धातूंत तो रंगभेद सांभाळता येतो. तिची पाने टोकाला गुंडाळून आधार पकडतात, आणि ती गुंडाळी तारेच्या जडावात सहज उतरते. सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा दाट तुरा मात्र मला मुठीसाठी गैरसोयीचा वाटतो. तिच्या फुलांची गर्दी म्यानाच्या लांब पट्टीवर अधिक शोभेल.

मांडणीची शिस्त कोठून घ्यावी याला एकच उत्तर नाही. महाविद्यालयांतल्या वनस्पतिसंग्रहांत दाबून वाळवलेले नमुने कागदावर चिकटवलेले असतात. दाबल्यामुळे पान उलटते, देठ मोडतो, फूल बाजूने चपटे होते, आणि त्रिमितीतून द्विमितीत येताना वनस्पती स्वतः काय सोडते व काय राखते ते तयार दिसते. जडावाला नेमके हेच रूपांतर हवे असते. अडकित्ते हा दुसरा अनपेक्षित खजिना आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहताना त्यांच्यावरची नक्षी उतरवून घेण्यापेक्षा, दोन दांड्या मिटल्यावर मधे जी मोकळी जागा उरते तिचा आकार कागदावर उतरवावा. त्या आकारांत कोणी ठरवून न घडवलेल्या कितीतरी बाह्यरेषा सापडतात.

छाटणीसाठी साधी रीत अशी की मुठीचा लाकडी कच्चा नमुना करून त्याला खडूची पूड लावावी, ज्याच्यासाठी सुरी आहे त्याला ती कांदा चिरण्याइतका वेळ धरायला द्यावी आणि पूड कोठे पुसली गेली ते पाहावे. पुसलेल्या भागात जडाव सर्वांत जास्त झिजणार आणि घामाने काळवंडणार; तेथे फक्त देठ जावा, तोही पृष्ठभागाशी अगदी सपाट. फूल न पुसलेल्या भागात ठेवावे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर वापरायच्या सुरीत लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, धातू मात्र तसा हलत नाही. म्हणून तारेच्या लांब रेघा शक्यतो लाकडाच्या रेषांबरोबर जाव्यात आणि आडवे तुकडे लहान ठेवावेत. शिंपला घासताना उडणारी पूड फुप्फुसांना अपायकारक असते, तेव्हा तो ओला ठेवून आणि तोंडाला मुखवटा लावूनच घासावा.

एक बाब बहुतेक आराखड्यांत शेवटपर्यंत विसरली जाते. मुठीच्या दोन फळ्या पात्याच्या शेपटाला, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागाला, ज्या खिळ्यांनी जखडतात ते खिळे नक्षीच्या मधोमध येतात, आणि तयार फुलाच्या पाकळीतून पितळी टिकली डोकावते. खिळ्यांच्या जागा पात्यातल्या भोकांनी ठरलेल्या असतात. त्या हलवता येत नाहीत, पण फूल हलवता येते. म्हणून आराखडा काढताना कोऱ्या कागदावर सर्वांत आधी ती दोन किंवा तीन भोके मांडावीत. कळलावी घेतली असेल तर वरचा खिळा पुंकेसर फुटतात त्या मध्यावर येऊ द्यावा, आणि खालच्या खिळ्याभोवती पानाच्या टोकाची गुंडाळी फिरवून घ्यावी.